माशांचा उपास

"थांबा! उपास आहे त्याइचा."

तळ्याच्या पायरीवर कोणी मुरमुऱ्यांची मूठ उगारली की मागून हा आवाज यायचा. आवाजामागून एक उंच, जरा वाकलेली आकृती यायची, चौकातल्या पोलिसासारखा हात आडवा धरून. मूठ उगारणारा गोंधळून विचारायचा, "कोणाचा उपास?"

काकाजी पाण्याकडे बोट दाखवायचे. "माशांचा. आज सोमवार नाई का!"

आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, सगळे त्यांना काकाजीच म्हणत. एका सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते. त्यांच्या टेबलावरून कागद पुढे सरकायचा तर मध्ये एक अधिक मास जावा लागे, असं त्यांच्याच हाताखालचे लोक सांगत. निवृत्तीनंतर अडवायला काही उरलं नाही, म्हणून ते तळ्यावर जाऊन बसले, असं आम्ही म्हणायचो. आम्ही बरंच काही म्हणायचो. म्हणायला काही लागत नाही.

तळं सेलूच्या रस्त्याला लागून. काठावर महादेवाचं देऊळ, म्हणून इथले मासे कोणी धरत नाही. न धरता मारायला मात्र पूर्ण मुभा. केळझरच्या गणपतीहून परतणारे भाविक इथं गाडी थांबवत, गाडी धूत, हार पाण्यात सोडत, हाराची पिशवीही सोडत, आणि वर मुरमुरे टाकून पुण्य घेऊन घरी जात.

या पुण्यवंतांमध्ये एकेकाळी काकाजींचा नंबर पहिला होता. कुण्या ज्योतिष्यानं त्यांना माशांना कणकेचे गोळे घालायला सांगितलं होतं. काकू रोज सकाळी परातभर कणीक मळायच्या. काकूंना दमा. मळता मळता दोनदा थांबून श्वास घ्यायच्या. गोळ्यांतले निम्मे मासे खात, निम्मे तळाशी जाऊन सडत. वरून दिसायचे ते खाणारे मासे, म्हणून काकाजी खूश.

मग एका श्रावणात सूर्य दिसेना. नुसतं मळभ. एके सकाळी तळ्यातले सगळे मासे वर आले आणि काठाशी तोंडं उघडून उभे राहिले. काकाजींनी घरोघरी जाऊन दारं ठोठावली. "दर्शनाले आले हो सगळे! चला, चला!"

आम्ही गेलो. कोणी हात जोडले, कोणी नारळ फोडला, बाकीच्यांनी व्हिडिओ काढले. काकूही आल्या, थांबत थांबत. पायरीवर टेकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"अवो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "हे दर्शन नाई. मले दमा उठला का माहं तोंड असंच होते."

दोघंचौघं हसले. काकाजी हसले नाहीत.

दुपारपर्यंत पाण्यावर पांढरी पोटं तरंगू लागली. व्हिडिओवाले नाकाला रुमाल लावून घरी गेले. काकाजी गुडघाभर पाण्यात उभे राहून टोपल्यानं मेलेले मासे काढत होते. देवळामागं खड्डा खणून त्यांनी ते पुरले. संध्याकाळी मी चहा घेऊन गेलो, तर म्हणाले, "मास्तर, मी त्याइले जेवू घालत होतो ना जी?"

दुसऱ्या दिवशी ते वर्ध्याला जाऊन कोणा जाणकाराला भेटले आणि नवा धर्म घेऊन परतले. सडलेलं अन्न पाण्यातली हवा खाऊन टाकते, ऊन नसलं की हवा तयार होत नाही, पहाटे ती सगळ्यात कमी असते. हे ते भाजीवाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगत सुटले. ज्या माणसानं आयुष्यात कोणाला एका वाक्यात उत्तर दिलं नव्हतं, त्याच्या तोंडून प्राणवायू ऐकणं म्हणजे शिक्षाच होती. हेच सगळं लिहून त्यांनी काठावर एक मोठी पाटी लावली. लोक पाटी पूर्ण वाचत, आणि वाचून झाल्यावर हातातली भज्यांची प्लेट तिच्याच पायाशी टाकत.

आपल्याकडे प्राणवायूला कोणी मान देत नाही, हे काकाजींच्या लक्षात आलं. उपासाला देतात. मग सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरलेल्या दिवशी एकादशी, प्रदोष, काहीतरी निघायचंच. लोक मुकाट्यानं मूठ पिशवीत रिकामी करत आणि तळ्याला नमस्कार करत.

"निर्जळी आहे का?" एकानं श्रद्धेनं विचारलं.

"निर्जळी कशी करतीन बिचारे?" काकाजी म्हणाले. "निराहार आहे."

एकदाच ते अडकले. एकादशीला एक बाई डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "उपासाचंच आहे भाऊ. साबुदाण्याची उसळ केली त्याइच्यासाठी." काकाजींनी डबा घेतला, तिथंच बसून सगळी उसळ स्वतः खाल्ली आणि डबा विसळून परत दिला. "पोचली म्हणून समजा."

पुढच्या श्रावणात पुन्हा मळभ आलं. काकाजींनी शेजारच्या शेतातली मोटर मागून आणली, पाइप उंच बांधला, आणि पाण्यात हवा मिसळावी म्हणून तळ्यातलंच पाणी उपसून तळ्यातच फवारायला लागले. ले-आउटभर करमणूक झाली. "म्हातारा तळ्यातलं पाणी तळ्यातच टाकून राह्यला!" मासे वर आले, फवाऱ्याखाली गर्दी करून राहिले, आणि ऊन पडल्यावर खाली गेले. एकही पोट पांढरं दिसलं नाही. कोणी नारळ फोडला नाही. जिवंत माशांचा व्हिडिओ कोण बघतो?

गेल्या हिवाळ्यात काकाजी झोपेतच गेले. ज्यांनी त्यांना वेडा म्हटलं होतं, त्या सर्वांनी श्रद्धांजलीत त्यांना 'मत्स्यप्रेमी' म्हटलं. वर्गणी काढून तळ्याकाठी त्यांच्या नावाचा सिमेंटचा बाक बसवला. उद्घाटनाला एक मोठे पाहुणे आले. भाषण झालं, आणि कार्यकर्त्यांनी पाहुण्यांच्या हाती फुलांनी सजवलेली मुरमुऱ्यांची टोपली दिली. माशांना खाऊ घालून उद्घाटन, अशी ती कल्पना होती. फोटोवाला गुडघ्यावर बसला.

पहिल्या रांगेतून काकू उठल्या. सावकाश पुढे गेल्या आणि पाहुण्यांच्या हातून टोपली काढून घेतली, घरी आलेल्याच्या हातची जड पिशवी घ्यावी तशी.

"पहिले तुमी घ्या जी," त्या म्हणाल्या आणि टोपली त्यांच्यापुढे धरली.

पाहुण्यांनी इकडंतिकडं बघितलं. मग मूठभर घेऊन तोंडात टाकले. फोटोवाल्यानं तोच फोटो काढला. मग अध्यक्ष, मग पुजारी, मग कार्यकर्ते, मग आम्ही. काकू रांगेरांगेनं फिरल्या, कोणालाही सोडलं नाही. सभा कुरुमकुरुम करत होती. मागून कोणी तरी म्हणालं, "कांदा पाह्यजे होता."

शेवटचे मुरमुरे माझ्या ओंजळीत पडले. काकूंनी रिकामी टोपली पालथी करून झटकली, नव्या बाकावर ठेवली, आणि तिच्याशेजारी श्वास घ्यायला टेकल्या.