बसऱ्याचं पान

माझ्या नाकावर राग असतो, हे माहेर आणि सासर दोन्हीकडे मान्य आहे. त्या नोव्हेंबरात तो जरा जास्तच होता.

कतारमध्ये, दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागात आम्ही राहतो. नवरा मेसईदच्या खत कारखान्यात इंजिनिअर आहे आणि अकरा वर्षांची मुलगी इंग्रजी शाळेत जाते. तिथे अकरा नोव्हेंबरला लढाईत मेलेल्या सैनिकांचा स्मरणदिन पाळतात. 'हा दिवस कसा सुरू झाला' यावर सगळ्या शाळेपुढे दोन मिनिटं बोलायला तिची निवड झाली होती. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तिने मला स्लाइड दाखवल्या. अकराव्या महिन्याच्या अकराव्या दिवशी अकरा वाजता पहिल्या महायुद्धाच्या तोफा थांबल्या. फ्रान्समधली शेतं, लाल पॉपीची फुलं, टोप्या काढून उभे राहिलेले गोरे लोक.

"आणि आपले?" मी विचारलं.

"आई, वेअर वी ईव्हन इन इट?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रागवायचं होतं शाळेवर, पण समोर पोरगी होती, म्हणून तीच सापडली.

मग मी तिला सांगितलं. सातारा जिल्ह्यातल्या माझ्या माहेरच्या गावी चावडीच्या भिंतीत एक दगड बसवलेला आहे. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यातले इतके मेले, एवढंच त्यावर कोरलंय. माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ त्या मेलेल्यांतला. मराठा पलटणीतून तो मुंबईला बोटीत चढला, इराकमध्ये बसऱ्याला उतरला आणि पुढे तिथल्याच कुत गावाच्या वेढ्यात उपासमारीत आणि गोळीबारात संपला. शुक्रवारी आपण समुद्रकाठी कॉर्निशवर फिरायला जातो ना, तिथल्याच आखातातून ती बोट वर गेली असणार. आणि तुमच्या अकरा तारखेच्या आधीच तिकडची लढाई थांबली होती.

"देन व्हॉट्स हिज डे?" ती म्हणाली.

त्याचा दिवस होता. पितृपक्षातली घात चतुर्दशी, शस्त्राने मेलेल्यांची तिथी. बाकीच्या पितरांचा म्हाळ वेगळ्या दिवशी, पण चतुर्दशीला आमच्या माजघरात एकच पान वाढलं जायचं. खीर, वडे, गवारीची भाजी, कढी. त्याला घरात 'बसऱ्याचं पान' म्हणायचे. लहानपणी मला ते सगळ्यांत आवडायचं, कारण त्या दिवशी पाहुणे नसत आणि वडे भरपूर उरत.

पोरगी एकदम खुलली. तिने नवीन स्लाइड केली, केळीच्या पानाचं चित्र शोधलं. दोन दिवसांनी तिच्या मिसची मेल आली. कल्पना सुंदर आहे, पण नाव नाही, फोटो नाही; मुलांचा गोंधळ होईल, तेव्हा ही स्लाइड काढलेली बरी.

मी तीन परिच्छेदांचं उत्तर लिहिलं. त्यात दगड घातला, कुत घातलं, आणि बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्यांची नावं कोरली आणि आपल्या साध्या शिपायांचे नुसते आकडे टाकले, हेही घातलं. नवरा म्हणाला, "अगं, जाऊ दे. पोरीला त्याच शाळेत शिकायचंय." मी मेल पाठवून टाकली. मिसचं उत्तर संध्याकाळीच आलं: तुमचं बरोबर आहे, नाव कळवा, सगळ्या शाळेपुढे तिला ते घेऊ दे.

मी विजयी मुद्रेने गावी चुलत्यांना फोन लावला.

"नाव?" चुलते म्हणाले. "आगं पोरी, नाव कुणाला म्हाईत? आमी आपलं बसऱ्याचं पान म्हनायचो."

"कुठे तरी असेल ना, नाना."

"कुटं असनार? पोर न्हवतं त्यास्नी."

आमच्याकडे बापाचं नाव पोराच्या नावामागे लागतं आणि तसंच शंभर वर्षं टिकतं. याला पोर नाही, म्हणजे त्याचं नाव कोणाच्याच मागे लागलं नाही. बायको होती, पण बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत. सरकारने दगडावर आकडा घातला म्हणून मी आठवडाभर थयथयाट करत होते, आणि आम्ही घरच्यांनी त्याला आकडासुद्धा ठेवला नव्हता.

पोरगी शेजारी बसून ऐकत होती. तिच्या प्रेझेंटेशनचा विषय होता हा दिवस कसा सुरू झाला, तेव्हा ती मुद्द्यावर आली.

"हे पान कोणी सुरू केलं?"

हे मला आजीने सांगितलेलं आठवत होतं. त्याच्या बायकोने. मेल्याची तारीख ठाऊक नाही, तेव्हा सर्वपित्रीला सगळ्यांबरोबर उरकू, असं थोरले म्हणत होते. ती चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "धनी लढाईत गेलं. त्यास्नी येगळं पान पायजे." दोन दिवस ती जेवली नाही. मग पान वाढलं गेलं, आणि म्हातारी होऊन मरेपर्यंत तिनेच ते वाढलं.

"तिचं नाव काय?"

मी पुन्हा फोन लावला. नाना हसले. "बायकांची नावं कोन ध्यानात ठिवतंय? म्हायेरचं येक, सासरचं येक. आमी धाकली आयच म्हनायचो." मी फोन आपटला. दुसऱ्या कोणावर ओरडू ते मला सुचेना. वीस वर्षं मी त्या पंगतीला बसले होते. दरवेळी जास्तीचा वडा मागून घेतला होता.

अकरा तारखेला आयांनाही बोलावलं होतं. मी मागच्या रांगेत बसले. आधी तोफा, फ्रान्स, पॉपी झालं. मग पानाचं चित्र आलं आणि माझी मुलगी स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "आमच्या घरचा हा दिवस एका बाईने भांडून सुरू केला. तिच्या नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नाही. तिचं नाव आमच्या घरात कोणी विचारलं नाही. माझ्या आईनेही नाही."