दगडाखाली कुणाचं नाव

माझी आत्या शिशाच्या खाणीच्या दिवेघरात कामाला होती. खाली उतरणाऱ्याच्या हातात चार्ज केलेला दिवा द्यायचा आणि पाळी संपली की तो परत घ्यायचा. दिवा परत करताना कुणी ना कुणी खिशातून दगड काढायचा. "ताई, हे काय असेल?"

टाकाऊ दगड न्यायला जुन्या मॅनेजरांची हरकत नव्हती. आत्या ते घरी आणून खिडकीजवळच्या टेबलावर मांडायची. चाकूच्या टोकाने ओरखडा काढायची, फरशीच्या खरखरीत पाठीवर रेघ ओढायची, एखाद्यावर आम्लाचा थेंब टाकून फेस येतो का बघायची. पितळी चमकणाऱ्या तुकड्याची रेघ काळी उमटली की आणणाऱ्याला सांगायची, "सोनं नाही हो. तुमच्या बायकोला अजून काही सांगू नका."

दगड ओळखला की त्याखाली चिठ्ठी. वर खनिजाचं नाव, खाली ज्याने खोदून आणला त्याचं.

"ताई, या घरात माणसांनी राहायचं की दगडांनी?" बाबा कुरकुरायचे.

"दगड भांडत नाहीत," आत्या म्हणायची.

मग नवे मॅनेजर आले. ऑफिसात काचेचं कपाट बसवायचं होतं, त्यासाठी ते आमच्या घरी संग्रह बघायला आले. माणूस जाणकार होता. एक पांढरा दगड उचलून म्हणाले, "ही गारगोटी नाही, बराइट आहे. वजन बघा." आत्याने दगड तळहातावर तोलला, मान डोलावली आणि तिथेच चिठ्ठी बदलली.

पुढे ते हिरव्या फ्लोराइटपाशी थांबले. चौकोनी स्फटिकांचा तो सुंदर घड ज्याने आणला त्याला सगळे गवई म्हणायचे, कारण खाली उतरताना तो गायचा. आदल्या वर्षी छत कोसळून तो गेला. चूक त्याचीच होती, असं कंपनीने जाहीर केलं होतं.

"बाकीची नावं राहू देत," मॅनेजर म्हणाले. "हे तेवढं काढा."

"नाही काढणार."

"बाई, खाणीतला दगड कंपनीचा असतो. तुमची नोकरीही कंपनीचीच आहे."

"नोकरी तुमची आहे, घेऊन जा. दगडाला मात्र हात लावू नका."

त्यांनी खरंच नोकरी नेली. शिवाय सोमवारी दगड न्यायला माणसं येतील, असा निरोपही धाडला. बाबांनी कपाळाला हात लावला. "दे टाकून, ताई. चार दगडांसाठी कशाला वाकडं घेतेस?"

आत्याने ऐकलं नाही. रविवारी तिने आणि मी टोपल्या भरल्या आणि वस्तीतली दारं वाजवत फिरलो. ज्याचा दगड त्याच्या हाती, चिठ्ठीसकट. गवयाच्या बायकोने फ्लोराइट घेतला आणि आमच्यासमोरच रस्त्याकडच्या खिडकीत ठेवला.

सोमवारी दोघे जण रिकामी खोकी घेऊन आले. टेबल मोकळं होतं.

"कुठे गेले?"

"ज्यांचे त्यांच्या घरी. मागा जाऊन एकेकाकडे."

ते दोन घरी गेले. दुसऱ्या दारात बाप, मुलगा आणि शेजारचे चौघे उभे होते. तिथून ते परत फिरले. ऑफिसच्या कपाटात पुढे बाजारातून आणलेले गुळगुळीत रंगीत खडे लागले.

सगळं काही गोड झालं नाही. एकाने आपला दगड बाहेरच्या माणसाला विकला, तेव्हा आत्या त्याच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. पण बाकीचे खिडक्यांत राहिले. कुणी बघायला आलं की आत्या त्यांना वस्तीभर हिंडवायची आणि प्रत्येक खिडकीपाशी खोदणाऱ्याचं नाव आधी घ्यायची, दगडाचं नंतर.

एकदा मी विचारलं, "आत्या, दिवेघर सुटलं याचं वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. फार वाटतं," ती म्हणाली. "म्हणून काय नाव खोडायचं होतं?"