आमच्या साडूंच्या माहेरवाशिणी

थकवा जगात नेमका कुठं तयार होतो, असं मला कोणी विचारलं, तर मी सरळ कळंबचा पत्ता देईन. तिथं आमच्या थोरल्या साडूंची डाळमिल आहे, मिलच्या मागं पत्र्याची लांबलचक शेड आहे आणि शेडमध्ये नऊ जुन्या मोटारी आहेत. त्या नऊपैकी एकही अशी नाही की जिच्या डावीकडच्या सीटवर बसून माझी कंबर धरलेली नाही. मी निवृत्त शिक्षक. आयुष्यभर पोरांना मराठी शिकवून घसा बसला होता. निवृत्तीनंतर पंखा लावून आडवं व्हायचं, एवढाच माझा बेत होता. पण बायकोच्या बहिणीचा नवरा श्रीमंत निघाला आणि त्याला मोटारींचा नाद निघाला. श्रीमंतांच्या नादाची झीज गरीब नातेवाइकांच्या मणक्यांत होते, हे मी स्वानुभवानं सांगतो.

साडूंनी गाड्यांना कंपनीच्या नावानं कधी हाक मारली नाही. गाडी ज्या गावाहून आणली ते तिचं माहेर, आणि तेच तिचं नाव. सोलापूरकरीण, गुलबर्गेकरीण, हैदराबादकरीण. दुधावरच्या सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची एक उमरग्याच्या एका म्हाताऱ्या कंत्राटदाराकडून आणली, ती उमरगेकरीण. आणली तेव्हा तो कंत्राटदार रडला होता आणि त्याला धीर देता देता साडूही रडले होते. त्याच दिवशी त्यांनी शब्द दिला, की वर्षातून एकदा हिला माहेरी आणीन. मग बाकीच्यांनाही तोच नियम लागू झाला. "एकीलाच नेलं तर बाकीच्या रुसतेत, गुरुजी. पावसाळ्यात चालूच होत न्हायत." तेव्हापासून वर्षातून नऊ माहेरं, आणि शेजारी मी. फोन आदल्या संध्याकाळी येई, "सातला तयार राहा," आणि प्रत्यक्षात सहालाच दारात हॉर्न वाजे. मी दाढीचा साबण तसाच पुसून गाडीत बसे. एकदा वैतागून म्हणालो, "साडूभाऊ, एवढी मिल आहे तुमची, एक ड्रायव्हर ठेवा की!" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच ओशाळलो. "माहेरवाशीण कुणी ड्रायव्हरसंगं धाडतंय व्हय?"

हे झालं प्रेमाचं. शर्यतींचं वेगळंच. साठी जवळ आलेला हा माणूस डोक्यावर हेल्मेट चढवून कच्च्या रस्त्यांवरच्या शर्यतीत उतरायचा, तेव्हा मिलमधले हमाल पोती टाकून त्यांना निरोप द्यायला फाटकापर्यंत यायचे. या शर्यतीत चालवणाऱ्याशेजारी एक वाचणारा लागतो. हातात वही धरून पुढं कोणतं वळण आहे, कुठं खड्डा आहे, हे त्यानं ओरडून सांगायचं. "तुमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातोय," असं म्हणून साडूंनी ते काम मला दिलं. मी "डावं, अवघड! पुढं ओढा!" असं ओरडत वर्षानुवर्षं धूळ खाल्ली. आम्ही कधी जिंकलो नाही. एकदा तिसरे आलो, पण त्या दिवशी गाड्याच चार होत्या आणि चौथी ओढ्यात गेली होती. तो पितळी चषक अक्कानं, म्हणजे माझ्या मेहुणीनं, देवघरात ठेवला आहे. त्यात ती उदबत्त्या ठेवते.

दोन वर्षांपूर्वी साडूंनी शर्यती एकाएकी सोडल्या. "गाड्यांची वयं झाली," म्हणाले. मी मनातल्या मनात पेढे वाटले. पण त्याच वर्षी उमरगेकरणीचं माहेर वाढलं. वर्षातून एकदा जायची ती दर दोन-तीन महिन्यांनी जायला लागली. आता तो कंत्राटदार तर वारला होता. माहेरात कोण उरलं होतं देव जाणे. शिवाय वाटेत साडूंची एक नवी खोड सुरू झाली. साध्या डांबरी रस्त्यावरही मला म्हणायचे, "गुरुजी, गप का? सांगा की पुढं काय हाय." मी म्हणायचो, "म्हैस आहे." ते विचारायचे, "कुठल्या अंगाला?" त्यांची जुनी हौस फिटत नाही, असं समजून मी कंटाळत कंटाळत म्हशी, ट्रॅक्टर आणि फटफट्या सांगत राहायचो. उमरग्यात ते मला हॉटेलात चहाला बसवून तासभर कुठंतरी जायचे. या श्रावणात मात्र तीन तास झाले तरी आले नाहीत. शोधत निघालो, तर ते एका डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसलेले दिसले. डोळ्यांत औषध घातलेलं, हातात रुमाल. मी समोर जाऊन उभा राहिलो तरी ओळखलं नाही. खाकरलो, तेव्हा ओळखलं.

काचबिंदू होता. समोरचं दिसत होतं, कडेचं गेलं होतं, उजवीकडचं जास्तच. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कळंबमध्ये बोभाटा होईल आणि अक्का किल्ल्या विहिरीत टाकील, म्हणून हा एवढा लांबचा दवाखाना. म्हणजे दोन वर्षं मी ज्याला खोड समजत होतो, ते माझ्या डोळ्यांनी गाडी चालवणं होतं. भीतीही वाटली आणि भयंकर रागही आला. रस्त्यावर लोकांची पोरंबाळं असतात, हे मी त्यांना वर्गातल्या आवाजात सुनावलं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खंडेनवमी होऊ द्या. मिलच्या अंगणात एकदा समद्या लिंबावरनं जाऊ द्या. मग किल्ल्या तुमच्याकडं. रस्त्यावर न्हाय काढणार, तुमची आन." मला गाडी चालवता येते, पण त्या दिवशी तेवढा धीर नव्हता; आम्ही एसटीनं परत आलो. गाडी दुसऱ्या दिवशी मिलच्या ट्रकवाल्यानं आणली. माहेरवाशिणीला परका ड्रायव्हर, आणि किल्ली साडूंनीच त्याच्या हातात ठेवली.

खंडेनवमीला सगळेच गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. आमच्या साडूंची रीत निराळी. "टेकवून ठिवल्यालं कुणीबी फोडंल," म्हणून ते पुढच्या दोन्ही चाकांच्या रेषेत दहा पावलांवर दोन लिंबं ठेवतात आणि दोन्ही एका दमात फोडतात. नऊ गाड्या, अठरा लिंबं, आजवर एकही चुकलेलं नाही. हमालांना या गोष्टीचा कोण अभिमान! यंदाही ते डाव्या बाजूला मांडवाखाली दाटीनं उभे होते, अक्का आरतीचं ताट घेऊन पुढं होती. उजवीकडं कोणालाही फिरकू द्यायचं नाही, असं ठरवून तिथं मी एकटा उभा राहिलो आणि ओरडत राहिलो, "जरा उजवं घ्या! बास, सरळ!" आठ गाड्या गेल्या. सोळा लिंबं फुटली. मला घाम फुटला होता.

शेवटी उमरगेकरीण. ती निघाली, आणि माझा आवाजच फुटेना. डावं लिंबू फुटलं, टाळ्या पडल्या. उजव्या लिंबाच्या वीतभर अंतरावरून चाक निघून गेलं. लिंबू शाबूत. मी पुढं झालो आणि चपलेनं ते दाबलं. ते मेलं घसरलं. दुसऱ्यांदा टाच रोवली, तेव्हा फुटलं.

साडूंनी खिडकीतून डोकं काढलं. "फुटलं का, गुरुजी?"

"फुटलं."

त्यांनी गाडी बंद केली, उतरले आणि किल्ल्यांचा जुडगा सगळ्यांदेखत माझ्या हातात दिला. "आता मी शेजारी बसणार," एवढंच अक्काला म्हणाले. ती काही विचारणार होती, पण त्यांचा चेहरा पाहून थांबली. तिला घरी गेल्यावर सांगायचं, असं आमचं ठरलं होतं.

उमरगेकरीण शेडमध्ये मी लावली. डावीकडं साडू बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, पहिल्यांदाच. "पुढं खांब हाय, तुमच्या अंगाला," ते पाठ असल्यासारखं म्हणाले. मी सावकाश वळवली. मग त्यांनी श्वास ओढला.

"चप्पल धुवून टाका, गुरुजी. गाडीत लिंबाचा वास येतोय."

वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं. खाकरून मी विचारलं, "बुधवारी उमरग्याला डॉक्टरांनी बोलावलंय ना? मी चालवतो. सातला तयार राहा."

"सहालाच बसतो दारात," साडू म्हणाले.