येऊन राह्यली

फोन वाजला की तो कोणाचा आणि कशासाठी, हे ऐकायच्या आधीच सिस्टर म्हणायच्या, "येऊन राह्यली." एका हातानं फोन कानाशी धरलेला, दुसरा हात पर्समध्ये स्कूटीची किल्ली शोधत असायचा. एकदा पलीकडून मोबाइल कंपनीची रेकॉर्ड केलेली बाई बोलत होती. तिलाही त्या "हो हो, येऊन राह्यली," म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. मग आमच्याकडे बघून स्वतःच हसल्या, आणि उठलोच आहोत तर म्हणून पाणी पिऊन आल्या.

आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र अहेरीपासून बरंच आत, जंगलातल्या रस्त्यावर आहे. तिथं मी लॅबचं काम बघतो. तापाच्या माणसांचं रक्त घ्यायचं, मलेरिया आहे का ते तपासायचं. सिस्टर आमच्या एका उपकेंद्राच्या नर्स. आजूबाजूच्या गावांमधल्या गरोदर बाया, बाळंतिणी, लेकरांच्या लसी, सगळं त्यांच्या अंगावर. नवरा घुग्घुसला कोळशाच्या खाणीत पाळीवर, मुलगी बारावीला म्हणून चंद्रपुरात मावशीकडे. घर असं तीन ठिकाणी वाटलेलं, आणि तिन्ही ठिकाणचे फोन त्यांच्या पर्समध्ये.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती उभ्यानं जेवतात. सिस्टर तर चालता चालता जेवायच्या. डबा खिडकीत उघडा ठेवायचा, एक घास घ्यायचा, आत जाऊन औषधं मोजायची, परत येऊन दुसरा घास. आमची सफाईवाली बाई त्यांना खुर्ची आणून द्यायची. त्या खुर्चीवर त्यांची पर्स बसायची.

त्यांच्या फोनमध्ये तालुक्याचा ग्रुप होता, केंद्राचा होता, आशाताईंचा होता, साथीच्या रोगांचा होता आणि मुलीच्या क्लासचाही होता. प्रत्येक ग्रुपला उत्तर लगेच हवं असायचं. लस दिल्याचा फोटो, सभा झाल्याचा फोटो, बॅनरसकट फोटो. एकदा मी त्यांना विचारलं, रात्री झोप तरी लागते का? त्या म्हणाल्या, "लागते न भाऊ. पण झोपेत बी मी फोटोच पाठवून राह्यली असते." आम्ही दोघंही हसलो. त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मात्र हसत नव्हती.

ज्या दिवसाबद्दल मला सांगायचं आहे, त्या दिवशी एका गावात लसीकरण होतं. गावात तापाचे रुग्ण वाढले होते, म्हणून मीही रक्ताचे नमुने घ्यायला सोबत गेलो. त्या गावाला नुकताच टॉवर आला होता. अंगणवाडीच्या पडवीत बाया लेकरं घेऊन बसलेल्या. एकीकडे माझं टेबल, दुसरीकडे सिस्टरांचं. सकाळपासून त्यांचा फोन थांबला नव्हता. बॅनरचा फोटो अजून ग्रुपवर का नाही, असं तालुक्याहून कोणीतरी दोनदा विचारलं होतं. मुलीला कसलासा दाखला सापडत नव्हता. दुसऱ्या गावातली आशाताई एका गरोदर बाईच्या पायावरची सूज सांगत होती.

सिस्टरांनी सुईत लस भरली. समोर एक गोंड बाई तान्ह्या पोराची मांडी उघडी करून धरून बसलेली. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. सुई धरलेला हात तसाच ठेवून, मान वाकडी करून त्यांनी फोन घेतला, बोलल्या, ठेवला. मग त्या सुईकडे बघत राहिल्या. टेबलावर दोन बाटल्या उघड्या होत्या. सुईत यातली कोणती लस भरली, ते त्यांना आठवेना.

मी बघत होतो. त्यांनी एक बाटली उचलून उजेडात धरली, ठेवली, दुसरी उचलली. समोरची बाई पोराला थोपटत होती. मग सिस्टरांनी सुई तोडून डब्यात टाकली, माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाल्या, "भाऊ, काय भरलं ते मले आठवून नाई राह्यलं."

बाळाला काहीच झालं नव्हतं. सुई टोचलीच नव्हती. दुसऱ्या कोणी ती टाकून नवी घेतली असती आणि कोणाला कळलंही नसतं. सिस्टरांनीही नवी सुई घेतली, पण त्यांना ती भरवेना. त्यांनी ती तशीच ट्रेमध्ये ठेवली, अंगणवाडीच्या मागे गेल्या आणि भिंतीला पाठ लावून खाली बसल्या. मी फोन करून केंद्रातल्या डॉक्टरांना सांगितलं. केंद्रातल्या दुसऱ्या सिस्टरनं येऊन उरलेल्या लेकरांना लसी दिल्या. तोवर सगळ्या बाया थांबल्या. एकही उठून गेली नाही.

त्याच दुपारी सिस्टर डॉक्टरांसमोर जाऊन सगळं बोलल्या. डॉक्टर तरुण, स्वभावानं चांगले. ऐकताना त्यांचेही दोन फोन टेबलावर वाजत होते. त्यांनी सिस्टरांना सुट्टी घ्यायला सांगितलं.

सुट्टीचा काही उपयोग झाला नाही. घुग्घुसला खिडकीवर कोळशाची भुकटी बसते, पुसली की पुन्हा बसते. सिस्टर दिवसभर तीच खिडकी पुसत होत्या, असं त्यांच्या नवऱ्यानं मला नंतर सांगितलं. बस म्हटलं तर बसायच्या आणि बसल्या बसल्या पाय हलवायच्या. सुट्टी संपायच्या आधीच त्या परत आल्या. मी विचारलं, बरं वाटतंय का? म्हणाल्या, "तिथी बसून अजून घाबरायले होते. इथी कमीत कमी घाबरायले कारण तरी हाये."

गावोगावी ताप चालूच होता, म्हणून मीही लसीकरणाला सोबत जातच राहिलो. पुढच्या वेळी त्यांनी घरून स्टीलचा एक रिकामा डबा आणला. काम सुरू करायच्या आधी फोन त्यात ठेवला आणि झाकण लावलं. आम्हाला वाटलं, गंमत आहे. पण थोड्याच वेळात डबा टेबलावर थरथरू लागला, सरकत सरकत कडेला आला. लेकरं रडायची थांबून त्याच्याकडे बघायला लागली. सिस्टर डब्याकडे न बघता म्हणाल्या, "येऊन राह्यली," आणि जागच्या हलल्या नाहीत. बायांमध्ये हशा पिकला. कपाळावर घाम मात्र होता सिस्टरांच्या. फोन न उचलणं त्यांना उचलण्यापेक्षा जड जात होतं.

अहेरीच्या आढावा बैठकीत हा विषय निघालाच. फोटो वेळेवर का येत नाहीत, असं तालुक्याच्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. सिस्टर उभ्या राहिल्या. "साहेब, हातात सुई असताना मी फोन उचलणार नाई. फोटो काम झाल्यावर येतीन." एवढं बोलून त्या खाली बसल्या. साहेबांनी लेखी खुलासा मागितला, त्यांनी तो दिला, पुढे त्याचं काही झालं नाही. बाहेर आल्यावर एक नर्स त्यांना म्हणाली की मीही असंच करीन. दुसरी म्हणाली की तुझं ठीक आहे, माझ्या केंद्रातले साहेब वेगळे आहेत. काम तर कोणाचंच कमी झालं नाही. संध्याकाळी सिस्टर केंद्राच्या पायरीवर बसून दिवसभराची माहिती भरत राहायच्याच.

आणि मग व्हायला नको तेच झालं. एका लसीकरणाच्या दिवशी फोन डब्यात असताना तिकडे घुग्घुसजवळ त्यांच्या नवऱ्याची मोटारसायकल घसरली. मागून ट्रक येत होता, तो वेळेवर थांबला म्हणून जीव वाचला, पाय तेवढा मोडला. सोबतचे कामगार त्याच्याच फोनवरून सिस्टरांना लावत राहिले. शेवटचं लेकरू झाल्यावर सिस्टरांनी झाकण उघडलं तेव्हा पडदा त्या एका नंबरनं भरलेला होता. तो त्यांचा चेहरा मला आठवतो. त्या रडल्या नाहीत. तोच नंबर लावून सगळं ऐकलं आणि उभ्या उभ्या मला विचारलं, "भाऊ, चंद्रपूरची गाडी कितीले हाये?"

नवऱ्याच्या पायाला प्लास्टर लागलं. सासूबाई येऊन राहिल्यावर सिस्टर परतल्या. आता फोन डब्यात ठेवणं बंद होणार, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. एखाद्याला त्यात धडाही दिसला असता. पुढच्या लसीकरणाला त्या फोन हातात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्या टेबलाशी आल्या.

"भाऊ, घरी तुमचा नंबर देल्ला. पोरीले बी आन् पोरीच्या बाबाले बी. खरंच काम असन तरच लावतीन. तसं असलं तर मले हाक मारजा."

मी हो म्हणालो. त्यांनी फोन डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

खरं सांगतो, त्या दिवसापासून माझा खिसा जड झाला. काचेवर रक्ताचा थेंब पसरवताना कान खिशाकडे असायचे. फोन वाजला नसतानाही मांडीला वाजल्यासारखा वाटायचा. ही बाई इतकी वर्षं हे कसं बाळगत होती, ते मला तेव्हा कळलं. पहिला फोन आला तो मुलीचा. मी धडपडत बाहेर गेलो. ती म्हणाली, "काका, आईले विचारा न, माही निळी ओढणी कुठी ठेवली?" मी सिस्टरांना हाक मारली नाही. तिला म्हटलं, आई कामात आहे, तू जरा शोध. थोड्या वेळानं तिचा मेसेज आला, सापडली. सिस्टरांना मी हे संध्याकाळी सांगितलं. त्या हसता हसता पायरीवरच बसल्या आणि पदरानं डोळे पुसत राहिल्या.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. नवरा-बायकोला जवळ आणायच्या नियमात त्यांना भद्रावतीकडचं गाव मिळालं. निघायच्या दिवशी सकाळी अंगणवाडीताई, आशाताई, गावातल्या बाया, सगळ्या स्टँडवर आल्या. कोणी मोहफुलांचे लाडू आणले, कोणी घरचे तांदूळ. त्या दिवशीही सिस्टर आधी एका बाळंतिणीला बघून आल्या आणि धावत गाडीत चढल्या. सामान वर टाकलं, खिडकीशी बसल्या.

चालक अजून चहा पीत होता. बाया आपापल्या पिशव्या घेऊन खिडकीखाली जमल्या. पुढची बाई काही बोलायला गेली आणि थांबली. सिस्टरांना झोप लागली होती. डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं, तोंड थोडं उघडं, दोन्ही हात मांडीवर मोकळे पडलेले. तसे रिकामे हात मी त्यांचे पहिल्यांदाच बघितले.

कोणीच त्यांना उठवलं नाही. बायांनी पिशव्या आवाज न करता एकेक करून खिडकीतून आत सरकवल्या. रडणाऱ्या एका लेकराला त्याच्या आईनं लांब नेलं. चालक आला, गाडी सुरू झाली, आणि आम्ही सगळे तिथंच उभे राहिलो, हातसुद्धा न हलवता.