टाकेकाकूंची शटरमागची खोली

टाकेकाकूंचं खरं आडनाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, म्हणून त्या टाकेकाकू. नवरा गेला आणि घर खायला उठायला लागलं, तेव्हा लेक म्हणाली, "आई, बास झालं एकटीनं राहणं. माझ्याकडे चल."

लेकीचं घर दोन खोल्यांचं, आणि त्यातही जुळ्या मुलींनी आधीच मुक्काम ठोकलेला. मग काकूंचं सामान ठेवायचं कुठे? जावयानं तोडगा काढला. गावाच्या टोकाला एका मोठ्या इमारतीत सामान ठेवायला खोल्या भाड्यानं मिळत होत्या. कुलूप आपलं, किल्ली आपली. "मोठं घर घेतलं की लगेच आणू सगळं," तो म्हणाला.

कपाट, दिवाण, भांड्यांची खोकी आणि काकूंचं पायमशीन असं सगळं त्या खोलीत जाऊन बसलं. शटर खडखडत खाली आलं आणि काकूंनी कुलूप लावलं. धडधाकट संसार आपल्याच हातानं कोंडून आल्यासारखं वाटलं त्यांना.

लेकीकडे काही कमी नव्हतं, पण काकूंच्या हातांना चैन पडेना. चाळणी आणायची म्हणून त्या खोलीवर गेल्या. मग कात्री आणायची म्हणून गेल्या. निमित्तं संपली तेव्हा बिननिमित्ताच्या गेल्या. एके सकाळी मशीन दारापर्यंत ओढलं, त्यावरची धूळ पुसली, तेल सोडलं आणि नातींची झबली शिवायला बसल्या. खटखट सुरू झाली, तसा त्यांचा जीव भांड्यात पडला.

ती खटखट ऐकून इमारतीचा मॅनेजर धावत आला. माणूस सज्जन, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचा नाही.

"काकू, इथं सामान ठेवायचं असतं. माणसांनी बसायचं नसतं."

"अरे, मी तरी कुठं हौसेनं बसलेय? मी उभीच राहिले असते, पण पायमशीन उभ्यानं चालत नाही ना!"

त्याला हसू आलं. ते त्यानं दाबलं. "उद्यापासून नाही हं," एवढंच म्हणून तो गेला.

काकू दुसऱ्या दिवशी आल्याच. तिसऱ्या दिवशीही आल्या. शेवटी मॅनेजरनं ठणकावलं, "आता मात्र वर कळवावं लागेल."

तो हे बोलत असतानाच खोल्यांमधल्या बोळात आरडाओरडा झाला. एक नवं कुटुंब सामान ठेवायला आलं होतं. त्यांची कापसाची भलीमोठी गादी शटरच्या कडेला अडकून टरकन फाटली, आणि बोळातला पंखा चालू! बघता बघता बोळभर कापूस उडाला. हमाल शिंकताहेत, मालकीणबाई डोक्याला हात लावून बसल्यात, आणि मॅनेजरच्या मिशा पांढऱ्याफेक.

"आधी तो पंखा बंद करा!" काकू ओरडल्या. त्यांनी दाभण काढलं, दोरा ओवला आणि थेट जमिनीवर बसकण मारली. "तुम्ही कापूस गोळा करा. आणि मॅनेजर, तुम्ही हे टोक धरा. घट्ट!"

मॅनेजरनं मुकाट्यानं टोक धरलं. काकूंनी कापूस आत कोंबत कोंबत गादी अशी शिवली, की मालकीणबाईंना फाटलेली जागा शोधावी लागली. त्यांनी लगेच विचारलं, "सोफ्याला खोळी शिवून द्याल का? धूळ बसेल हो नाहीतर."

मिशा झटकत मॅनेजर म्हणाला, "काकू, ऑफिसशेजारी खिडकीजवळ जागा रिकामी आहे. तिथं मशीन मांडून बसा. वर मी कळवतो, पण वेगळ्या शब्दांत."

मग काय, सामान ठेवायला येणारा जो तो खोळी शिवायला टाकू लागला. माणसं बोलायची, काकू ऐकायच्या. कुणी नवं घर मांडतंय असं कळलं, की काकूंची नजर आपल्या शटरकडे वळायची. एकटीच राहायला लागलेल्या एका नर्सला त्यांनी दिवाण देऊन टाकला. भांडी एका नव्या जोडप्याकडे गेली. प्रत्येक वस्तू देताना थोडं गलबलायचं, आणि संध्याकाळी घरी जाताना अंग हलकं वाटायचं.

पुढे जावयानं खरंच मोठं घर घेतलं. तो हौसेनं टेम्पो घेऊन आला, शटर वर केलं आणि बघतच राहिला. आत फक्त कपाट होतं.

"आई, बाकीचं सामान?"

"नांदायला गेलं," काकू म्हणाल्या. "बघतोस काय? कपाट उचल. आणि ते उतरवून घ्यायला मला बोलावू नकोस, माझ्या दोन खोळी आज द्यायच्या आहेत."