हौसाने वाटलेले पेढे

हौसा गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही. माझ्या सुनेच्या मोबाईलवर एक फोटो आला. तिने तो माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "आई, या तुमच्या हौसामावशीच ना?" मी चष्मा लावून बघितलं. डोक्यावरून पदर, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, नाकात मोत्यांची नथ, मागे झेंडूच्या माळा. आधी मला वाटलं, कुठल्या तरी देवीच्या उत्सवाचं आमंत्रण असेल. हौसाने जन्मात नथ घातली नव्हती. उन्हाळाभर मिरचीच्या खकाण्याने तिच्या नाकपुड्या सोललेल्या असायच्या, तिथे नथ टेकणार कुठे... ती नथ कुणीतरी मोबाईलवरच बसवली होती. खाली लिहिलं होतं, 'कष्टाची मूर्ती हरपली'. मी हे तिला वाचून दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, "मूर्ती केली का? म्हंजी आता पाण्यात बुडवायला मोकळे."

आम्ही दोघी कांडपाला जायचो. पर्वतीच्या पायथ्याशी एका ओळीतल्या खोल्यांत आम्ही शेजारी राहत होतो. ती खडकवासल्याच्या वरच्या अंगाच्या खेड्यातून लग्न होऊन आलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली. मी चौथीपर्यंत शिकलेले, पण चार माणसांत माझा आवाज फुटत नसे. म्हणून ती मला 'मुके' म्हणायची. माझं खरं नाव तिने क्वचितच घेतलं. होळी झाली की पेठांमधल्या घरांतून निरोप यायचे. वर्षाचं तिखट, वर्षाची हळद, शिकेकाई, सगळं तेव्हा हातानेच कांडायचं. एका उखळात समोरासमोर दोघींनी दोन मुसळं घालायची. तिचं वर गेलं की माझं खाली, माझं वर गेलं की तिचं खाली. जराही चूक झाली की मुसळावर मुसळ आपटायचं आणि खांद्यापर्यंत कळ जायची. तोंडाला तेल चोपडायचं, नाकाला ओलं फडकं बांधायचं आणि दुपारपर्यंत एक शब्द न बोलता कांडत राहायचं. तोंड उघडलं की मिरची घशात. माझ्यासारखीला हे काम बरंच होतं, पण हौसाचे हाल व्हायचे. बोलल्याशिवाय तिचा जीव राहत नसे.

घरातल्या वहिनी मिरची तोलून देत आणि तिखट तोलून घेत. मग दार लावून आत बसत. दाराआडून खोकण्याचा आवाज येई, आणि थोड्या वेळाने दार बोटभर उघडून त्यातली कुणीतरी विचारी, "अहो हौसाबाई, जरा हळू कांडता येत नाही का? फार उडतं हो. आम्हाला सोसत नाही, तुम्हाला काय, सवय आहे." सवय आहे... हे दोन शब्द मी इतक्या घरांत ऐकले की ते कुठल्या शाळेत शिकवत असावेत असं मला वाटायचं. हौसा नाकावरचं फडकं खाली ओढून अगदी नम्रपणे म्हणायची, "व्हय वहिनी, आमी जल्मलोच मिरची नाकात घालून." वहिनींना ते खरंच वाटायचं. दार पुन्हा लागायचं.

संध्याकाळी घरी आलो की दोघी ताकाच्या पाण्यात हात बुडवून बसायचो. आग कमी व्हायची, जायची नाही. तेव्हा तिच्या तोंडाला खंड नसायचा. दिवसभराचं तुंबलेलं सगळं बाहेर यायचं. एकदा मी म्हटलं, "सगळे म्हणतात, हौसा फार कष्टाळू." ती म्हणाली, "ज्याला दुसरं काय करू दिलं न्हाई, त्याला कष्टाळू म्हंतेत. बैलालाबी म्हंतेत. बैल कवा हार घालून घ्यायला गेला का?" मी हसले. ती हसली नाही. ती हे गमतीने बोलत नव्हती. तिला त्या कामाचा मनापासून तिटकारा होता आणि तो तिने कधी लपवला नाही. मुसळाला ती 'मेलं' म्हणायची, उखळाला 'त्याचं थडगं'. दसऱ्याला मी मुसळाला हळदकुंकू वाहायचे, ती तिकडे पाठ करून बसायची. "ज्यानं मारलं त्याचीच पूजा," एवढंच म्हणायची.

एका वर्षी, ऐन हंगामाच्या तोंडावर, आम्ही एका घरून परत येत होतो. वाटेत नव्या दुकानावर पाटी रंगवून झाली होती, रंग अजून ओला होता. हौसा थांबली. "काय लिवलंय?" मी वाचलं, 'येथे मिरची व हळद यंत्रावर कांडून मिळेल'. दुकानात लोखंडी डंख बसवला होता. ओळीने उखळं, त्यांवर ओळीने मुसळं, आणि बटण दाबलं की सगळी आपोआप वरखाली. आता आपल्याला कोण बोलावणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं आणि तिथेच रस्त्यात मला रडू आलं. हौसाने दारात उभं राहून ते यंत्र बघितलं, खूप वेळ बघितलं. दुकानदाराला विचारलं, "ह्याला दम लागत न्हाई?" तो म्हणाला, "नाही बाई." "ह्याला खोकला?" तो हसायला लागला. मग ती सरळ मिठाईच्या दुकानात गेली. त्या दिवशी मिळालेल्या मजुरीचे तिने पेढे घेतले आणि आमच्या ओळीतल्या दारोदार वाटले. लोक विचारायचे, "काय गं हौसा, काय झालं?" ती म्हणायची, "डंख झाला." तिच्या सासूने पेढा घेतला नाही. उद्या काय खाणार, म्हणून ती रात्रीपर्यंत बडबडत होती. हौसाने तिच्या वाटणीचा पेढाही मलाच दिला. "खा मुके. रडून तोंड खारट झालं आसंल."

पुढे मी पोळ्या लाटायला जाऊ लागले आणि हौसाला एका शाळेत झाडलोटीचं काम लागलं. मधल्या सुट्टीनंतर व्हरांड्यातल्या रिकाम्या बाकावर बसता येतं, याचं तिला शेवटपर्यंत अप्रूप होतं. पगारापेक्षा ती त्या बाकाचं जास्त सांगायची.

तिच्या मुलाने, शशिकांतने, सिंहगड रस्त्यावर मसाल्याचं दुकान टाकलं. चांगलं चाललं. याच थंडीत मी तिला शेवटची भेटले ती त्याच्या घरी. ती उशांना टेकून बसली होती. छातीत काही उरलेलं नव्हतं. डॉक्टरने तिला विचारलं होतं, आजी, चुलीचा धूर की विडी? तिने सांगितलं होतं, "लोकांचं तिखट." माझ्यापुढे तिने मसाल्याचं एक पाकीट टाकलं. त्यावर तिचा फोटो होता आणि लिहिलं होतं, 'आईच्या मायेने उखळात कांडलेला'. मी वाचून दाखवलं. तिने डोळे मिटले. तशीच म्हणाली, "मी त्याला लई सांगितलं. ऐकत न्हाई. म्हंतो, आई, लोकांना आवडतं. मी गेल्यावर तर ह्यो माझ्या मढ्यावर उखळ ठिवंल. मुके, तवा तू उभी ऱ्हा. येवढंच सांग, का डंख आला तवा हौसानं पेढं वाटलं. दुसरं काय बोलू नगं."

"मी? चार माणसांत?"

"मग काय भिंत सांगंल? त्या उखळाला दोघीच व्हतो."

शोकसभा एका कार्यालयात होती. हौसाने सांगितलं होतं तसंच झालं. फोटोपुढे रांगोळी काढून खरोखरीच उखळ ठेवलं होतं, मुसळाला गजरा गुंडाळला होता. आमचं ते उखळ नव्हतं, कुठून तरी विकत आणलेलं होतं. उखळात मसाल्याच्या पाकिटांचा ढीग रचला होता. बोलणारे एकामागून एक बोलत होते. एक गृहस्थ म्हणाले, त्या काळच्या स्त्रिया पहाटे ओव्या गात गात कांडत. मिरची कांडताना ओवी... मी मनात म्हटलं, गा बाबा तू एक, मी मिरची आणते. दुसरे म्हणाले, आजच्या मुलींना जिमला पैसे भरावे लागतात, हौसाईंना कधी गरज पडली नाही, म्हणून त्या पिढीची प्रकृती ठणठणीत. जी बाई श्वास पुरेना म्हणून गेली तिच्या फोटोपुढे उभं राहून हा माणूस प्रकृतीचं बोलत होता, आणि समोरचे माना डोलावत होते. नंतर शशिकांत उठला. त्याचा आवाज भरून आला होता, ते खोटं नव्हतं. तो म्हणाला, "आईच्या त्या हातांनी मला मायेने भरवलं, त्याच हातांची चव आज घराघरांत जाते."

मला मात्र ते हात वेगळेच आठवले. शशिकांत अंगावर पीत होता ते दिवस मिरचीचे होते. कितीही धुतले तरी हौसाच्या हातांची आग बाळाला लागायची, एकदा त्याच्या डोळ्याला लागून तो निळा होईपर्यंत रडला होता. तेव्हापासून हंगाम संपेपर्यंत तिने त्याला हात लावला नाही. सासू बाळाला धरून तिच्या छातीशी लावायची आणि हौसा दोन्ही हात पाठीमागे बांधून बसायची, चोर पकडल्यासारखी. त्या पाजण्याच्या वेळी ती कुणाकडेच बघत नसे. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. तिथेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्या महिन्यात पाकिटावर त्याचंही चित्र आलं असतं.

आल्याआल्या मी शशिकांतला दोन शब्द बोलायचं सांगून ठेवलं होतं; शेवटी मला पुकारलं. "आईच्या मैत्रीण, जोडीने कांडप करणाऱ्या मावशी दोन शब्द बोलतील." माईक तोंडाशी आला तेव्हा माझा श्वासच सगळीकडे ऐकू गेला. मी म्हटलं, "हौसाला कांडप आवडत नव्हतं. डंख आला तेव्हा तिने पेढे वाटले." झालं. एवढंच सांगायचं होतं, एवढंच सांगितलं. सभेत हसू पसरलं आणि मग टाळ्या वाजल्या. जिमवाले गृहस्थ माईक घेऊन म्हणाले, "बघा, रोजगार गेला तरी पेढे वाटणारी ही पिढी. केवढी सकारात्मकता!" पुन्हा टाळ्या. मी खाली बसले. इतकी वर्षं मुकी होते ते काही चुकलं नव्हतं, असं मला वाटलं.

जाताना शशिकांत पाया पडला. म्हणाला, "मावशी, छान बोललात. आमच्या माणसाने शूटिंग केलंय. फक्त पहिलं वाक्य काढतो, पेढ्यांचं ठेवतो." मी म्हटलं, "दोन्ही ठेव, नाहीतर दोन्ही काढ." तो हसला आणि "बघतो मावशी" म्हणाला. पुण्यात 'बघतो' म्हणजे काय, ते मला सांगायला नको.

आता उन्हाळा लागलाय. गच्च्यांवर मिरच्या वाळत पडल्यात. गेल्या आठवड्यात मी घरची मिरची घेऊन कांडप केंद्रावर गेले. लांबलचक रांग होती, ओळीने डबे ठेवलेले. आत डंखापाशी एक बाई तोंडाला ओढणी गुंडाळून पोत्यातली मिरची ओतत होती. डोळे लाल, कोपरापर्यंत तिखट. तिने ओढणी खाली केली तेव्हा ओळखलं. ती शशिकांतची बायको, स्मिता होती. उखळात कांडलेला मसाला तो हाच. पाकिटावर फोटो सासूचा, हात सुनेचे. तीच जवळ आली, हात अंगापासून लांब धरून.

"मावशी, तुम्ही सभेत बोललात ते खरं होतं. सासूबाई मलाही सांगायच्या. दर उन्हाळ्यात त्या इथे माझ्याबरोबर यायच्या. कामाला नाही. ती खुर्ची आहे ना, ती मालकाकडून मागून घ्यायच्या, यंत्रापुढे मांडायच्या आणि पायावर पाय टाकून बसायच्या. आम्ही कुणी काही विचारलं की म्हणायच्या, गप ऱ्हा, मला बघू दे त्याला राबताना."

मला हे माहीत नव्हतं. मी त्या खुर्चीकडे बघत राहिले. तेवढ्यात रांगेतल्या एक बाई, चांगल्या घरातल्या, नाकाला रुमाल लावून मोठ्याने म्हणाल्या, "यंत्राचं तिखट ते यंत्राचं. पूर्वीच्या बायकांना असली यंत्रं लागत नव्हती."

"लागत होती," मी म्हटलं. "कुणी दिली नाहीत."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. त्या बाईंनी रुमाल खाली केला, माझ्याकडे बघितलं, आणि आपला डबा रांगेत पुढे सरकवला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. स्मिता ओढणीत तोंड लपवून हसत होती. तिने कोपराने ती खुर्ची यंत्रापुढे सरकवली. मी बसले. पायावर पाय टाकायला गुडघा आधी तयार नव्हता, मग झाला. मुसळं ओळीने पडत होती, उठत होती. माझी मिरची कधीच कांडून झाली, डबाही भरून बाजूला ठेवला गेला, तरी मी उठले नाही.