मी जपलेलं प्रमाणपत्र

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी घरातला एकच कागद नीट जपला, आणि त्यापायी पोरीची सरकारी शिकाऊ उमेदवारी गेली.

आमची सोनल आयटीआयला वीजतंत्रीत पहिली आली. धुळ्याच्या एका सरकारी कार्यालयातून कागदपत्रं तपासायला बोलावणं आलं. एसटीच्या गर्दीत कागद चुरगळेल म्हणून आदल्या दिवशी मी बोदवडच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो आणि मूळ प्रमाणपत्र लॅमिनेट करून आणलं. (स्वतःच्या बुद्धीने. कोणी सांगितलं नव्हतं.)

धुळ्यात टेबलामागच्या साहेबांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "याला प्लास्टिक कोणी घातलं?"

"मीच," मी शाबासकीच्या अपेक्षेने म्हणालो.

"निवड झाली की मूळ प्रतीच्या पाठीवर शिक्का मारावा लागतो. कुठे मारू?"

"प्लास्टिकवरच मारा ना, साहेब."

त्यांनी मारून दाखवला. शिक्का त्यांच्या अंगठ्याला लागून आला.

"दोनपर्यंत मोकळा कागद आणा. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला."

"पप्पा, आपण मुदत मागून बघू," सोनल म्हणाली. पण तोवर मी समोरच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीवर पोचलो होतो. गरम केलं की प्लास्टिक सुटतं, हे मला कुठूनतरी माहीत होतं.

"भाऊ, हाई कपडा नही शे," इस्त्रीवाला म्हणाला. "बठ्ठं निंघी जाई."

"सगळं कसं निघेल? फिरवा हो तुम्ही. मी आहे ना."

प्लास्टिक खरंच सुटलं. सोनलचं नाव, प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का सोबत घेऊन सुटलं. कागदावर राहिले फक्त मार्क. मार्क चांगले होते.

दोनला दहा कमी असताना मी कागद आणि प्लास्टिक दोन्ही घेऊन साहेबांपुढे उभा. "साहेब, एकावर एक धरून बघा."

त्यांनी खरंच धरलं, उजेडाकडे नेलं, नाव जागेवर बसतंय का ते पाहिलं. माणूस वाईट नव्हता. मग दोन्ही सोनलच्या हातात दिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

परतीच्या एसटीत पारोळ्याला तिने कागद आणि प्लास्टिक पिशवीत घातलं. मग म्हणाली, "पप्पा, अजून कशाकशाला प्लास्टिक घातलंय?"



प्रमाणपत्राची दुसरी प्रत यायला पाच महिने लागले. तोवर सोनल जळगावात पाण्याच्या पंपांच्या जळक्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात लागली होती. पाकीट बायकोने थेट पोस्टमनच्या हातातून घेतलं आणि आत नेलं.

"कुठे ठेवलंस?" मी विचारलं.

"सांगेन," ती म्हणाली. "पोरीला सरकारी नोकरी लागली की."